हॉर्टाचा मुक्काम: शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा खलाशी म्हणून जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे-जूनमध्ये कॅरिबियनहून युरोपकडे परतणाऱ्या शिडाच्या बोटी अटलांटिकच्या मधोमध एका छोट्या गावात थांबतात. गावाचं नाव हॉर्टा. पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या फायाल बेटावर ते आहे. इथला मरीना, म्हणजे शिडाच्या बोटींचं छोटं बंदर, 1986 मध्ये सुरू झाला, पण बोटी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे थांबत आल्या आहेत. स्थानिक लोक गावाच्या नावातला ‘ह’ उच्चारत नाहीत, ‘ऑर्ता’ म्हणतात. रेडिओवर हे नाव कानावर पडलं तर गोंधळू नका.

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि दोनदा सेंट मार्टिनहून हॉर्टापर्यंत खलाशी म्हणून आले आहे. इकडच्या मराठी मंडळींत आता बरेच जण बोटीवर जायचं म्हणतात आणि मला विचारतात. सगळ्यांचे प्रश्न वादळाचे, लाटांचे, रात्रीच्या पहाऱ्याचे असतात. धक्क्याला लागल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांबद्दल कोणीच विचारत नाही. नवख्या माणसाच्या बहुतेक चुका मात्र याच दिवसांत होतात. समुद्रात चार माणसं आणि एक बोट असते, एवढंच जग. मरीनात शेजार येतो, कचेरी येते, वीज-पाणी येतं, आणि अडीच-तीन आठवड्यांची अपुरी झोप अंगात असते.

आपले नौदल अधिकारी दिलीप दोंदे 2009–10 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. नऊ महिन्यांच्या त्या सफरीत ते फक्त चार बंदरांत थांबले. पुढचा प्रवास सुखरूप व्हायचा तर बोटीचं सगळं पाहणं अशा थांब्यातच करावं लागतं. म्हणून हॉर्टाचा मुक्काम सुट्टी समजू नका, सफरीचाच भाग समजा.

1. घरून निघण्याआधी: कागद

भारतीय पासपोर्ट असेल तर हा भाग दोनदा वाचा. अझोर्स शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या प्रदेशात येतं, कॅरिबियन बेटं येत नाहीत. तुम्ही भारतातून युरोपात उतरलात, तिथून विमानाने कॅरिबियनला गेलात आणि बोटीने हॉर्टाला आलात, तर तो शेंगेनमधला तुमचा दुसरा प्रवेश ठरतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तेव्हा संपलेला असतो. अनेकवार प्रवेशाचाच व्हिसा मागा. बोटीला उशीर होतो हे गृहीत धरून त्याची मुदत किमान महिनाभर जास्त ठेवा. 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा बोटीवर राहणाऱ्यांनाही लागू आहे. युरोपातल्या एखाद्या देशाचं निवासपत्र असेल तर त्याची मुदत तपासा आणि मूळ कार्ड बरोबर ठेवा, नुसती फोटोकॉपी चालत नाही.

दुसरा सापळा पुढच्या टप्प्याचा. हॉर्टाहून बऱ्याच बोटी इंग्लंडमधल्या फाल्मथला जातात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आयर्लंडचाही वेगळा. स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, जर युरोपियन असेल तर त्याला हे सुचणारच नाही, कारण त्याला कधी याची गरजच पडलेली नसते. बोट इथून कुठे जाणार हे बोटीवर चढण्याआधी विचारा.

तुमच्या पिशवीत हे असावं:

- पासपोर्ट, व्हिसा किंवा निवासपत्र आणि त्यांच्या प्रती, सगळं पाणी न शिरणाऱ्या पाकिटात
- आरोग्य विमा, समुद्रप्रवास धरून काढलेला
- परतीच्या तिकिटाचा पुरावा, किंवा तिकीट काढता येईल एवढ्या पैशांचा
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी

बोटीच्या फाइलमध्ये नोंदणीपत्र, विमा, रेडिओ परवाना, स्किपरचं प्रमाणपत्र, आधीच्या बंदरातून निघाल्याचा कागद आणि खलाशांची यादी असते. ही फाइल स्किपरची जबाबदारी आहे. तरी यादीतलं तुमचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते स्वतः बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे मधे असतं, कुठे नसतंच, आणि तपासणीच्या टेबलावर त्यात अर्धा तास जातो.

2. धक्क्याला लागताना

समोरच्या बेटावरचा पिको डोंगर 2,351 मीटर उंच आहे. हवा स्वच्छ असेल तर तो खूप आधीपासून दिसतो. तो दिसला की सगळे फोटो काढायला लागतात. काढा, पण बंदराच्या तोंडाशी पोचण्याआधी पुढची तयारी झालेली असली पाहिजे.

फेंडर, म्हणजे बोट भिंतीला घासू नये म्हणून लावायचे फुगे, दोन्ही बाजूंना बांधा. कोणत्या बाजूने लागायचं हे मरीना ऐन वेळी सांगतो. इथला मरीना रेडिओच्या 10 नंबरच्या चॅनलवर बोलतो. दोर चार लागतात: एक नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, एक मागचा, आणि दोन तिरके, ज्यांना स्प्रिंग म्हणतात. बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून हे तिरके दोर असतात. प्रत्येक दोर कठड्याच्या तारांच्या बाहेरून फिरवून आत आणलेला हवा. हे विसरलं की दोर ताणला जाताना कठडा वाकतो.

उडी मारू नका. बोट धक्क्याला टेकल्यावर डोलकाठीच्या बाजूच्या तारेला धरून पाऊल टाका. बोट आणि भिंत यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालायचा नाही. बोट हळू येत असली तरी तिचं वजन दहा-पंधरा टन असतं, ती माणसाच्या पायाने थांबत नाही. मधे घालायचा तो फेंडर.

तुम्ही धक्क्यावर उभे आहात आणि दुसरी बोट येते आहे, असंही होईल. तेव्हा मदतीला जरूर जा, पण दोर हातात आला की ओढू नका. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. नाळेचा दोर जोराने ओढला की नाळ आत येते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. मग स्किपरच्या हातात काहीच राहत नाही. दोर क्लीटभोवती, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीभोवती, एक वेढा देऊन धरा आणि बोटीवरून काय सांगतात याची वाट बघा. पहिल्या सफरीत मी उत्साहाने एक दोर असाच ओढला आणि त्या बोटीचं मागचं टोक शेजारच्या बोटीच्या कठड्याला लागलं. कठडा वाकला. भरपाईचं बोलणं शांतपणे झालं, पण दुसऱ्याच्या बोटीला आपल्या हातून लागलं याचं ओझं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

3. पहिला तास: पिवळा झेंडा

युरोपीय संघाबाहेरून आलेली बोट उजव्या बाजूला पिवळा झेंडा लावून येते. आम्ही निरोगी आहोत, प्रवेशाची परवानगी द्या, असा त्याचा अर्थ. परवानगी मिळेपर्यंत फक्त स्किपर कागद घेऊन उतरतो, बाकीचे बोटीवरच थांबतात. तीन आठवड्यांनी जमीन पुढ्यात असते आणि पाय ठेवता येत नाही. तासभर धीर धरा. गर्दीच्या दिवसांत जास्तही लागतो.

मरीना, जकात आणि सीमा तपासणी या तिन्ही ठिकाणी नोंद होते. पोर्तुगालची जुनी परदेशी नागरिक सेवा ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली आणि सागरी सीमेचं काम जीएनआर या दलाकडे गेलं. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये अजून आधीच्या खात्याचं नाव आहे, त्यावरून शोधत फिरू नका. तुमच्या प्रवेशाची नोंद झाली का ते तिथेच विचारा. नोंद राहून गेली तर त्रास स्किपरला होत नाही, तुम्हाला होतो, आणि तोही देश सोडताना. बोट युरोपीय संघाबाहेरची असेल तर तिला कर न भरता 18 महिने राहता येतं. ती तारीख मालकाने सांभाळायची असते, पण कागदावर ती नोंदवून घेतलेली चांगली.

सगळं झालं की पिवळा झेंडा उतरवून पोर्तुगालचा लाल-हिरवा झेंडा चढवतात. हे काम बहुधा नवख्याला देतात. झेंडा उलटा नाही ना, एवढं पाहा.

4. शेजाऱ्याच्या डेकवरून चालायची रीत

हॉर्टात मे-जूनमध्ये सगळ्यांना स्वतंत्र जागा मिळत नाही. भिंतीला एक बोट, तिला दुसरी, दुसरीला तिसरी, कधी चौथी-पाचवीही अशा बोटी एकमेकींना बांधतात. बाहेरच्या बोटीवरच्या माणसाला दुकानात जायचं असेल तर बाकीच्या सगळ्या बोटी ओलांडाव्या लागतात. चाळीत सगळ्यांच्या दारावरून जाणारी सामाईक गॅलरी असते, तसंच हे. मात्र इथे ती गॅलरी म्हणजे कोणाचं तरी घरच असतं.

बांधताना दोन गोष्टी पाळा. शेजारच्या बोटीला बांधलंत तरी नाळेपासून आणि मागून एकेक दोर थेट धक्क्यावर न्या. नाहीतर तुमच्या बोटीचं सगळं वजन त्यांच्या क्लीटवर लटकतं. दुसरी गोष्ट, दोन्ही बोटींच्या डोलकाठ्या एका रेषेत ठेवू नका, पुढे-मागे ठेवा. लाट आत आली की बोटी डोलतात आणि वरच्या आडव्या काठ्या एकमेकींवर आपटतात. खाली उभं राहिलं तर हे दिसत नाही, मान वर करून बघावं लागतं.

आता चालण्याबद्दल. नेहमी डोलकाठीच्या पुढून, म्हणजे पुढच्या डेकवरून जायचं. कॉकपिटमधून कधीच नाही. कॉकपिट म्हणजे त्यांची बैठकीची खोली आहे, तिथे ते जेवत असतात, कपडे बदलत असतात, भांडतही असतात. पुढच्या डेकवर एक झाकण असतं, त्याखाली बहुतेक वेळा कोणीतरी झोपलेलं असतं. त्यावर पाय द्यायचा नाही. आधार घ्यायचा तो डोलकाठीच्या जाड तारांचा. कठड्याच्या खांबाला लोंबकळलात तर तो डेकपाशी सैल होतो आणि मग तिथून पाणी झिरपतं.

फायाल ज्वालामुखीचं बेट आहे. काळी बारीक कच तळव्याला चिकटते आणि डेकवर ओरखडे काढते. बूट हातात घ्या किंवा पहिल्या बोटीवर चढण्याआधी तळवे झटका. रात्री डोक्यावरच्या दिव्याचा लाल प्रकाश वापरा आणि दिवा पायाशीच ठेवा, खिडक्यांतून आत जाऊ देऊ नका. भाजी-किराणा आणला तर ओझी घेऊन पाच कठडे ओलांडू नका, एकाने दुसऱ्याच्या हातात द्यावं. अंड्यांचे ट्रे मी नेहमी असेच नेते.

पहिल्यांदा ओलांडताना थांबून विचारा. बोटीच्या कडेला हाताने ठोकायचं, हाक द्यायची, ‘जाऊ का’ म्हणायचं. एकदा ओळख झाली की रोज विचारावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या बोटीला काय लागेल याचा नेम नसतो, आणि ती वस्तू दुकानाआधी शेजाऱ्याकडे मिळते. आमच्या पंपाचं रबर फाटलं तेव्हा तिसऱ्या बोटीवरच्या फ्रेंच आजोबांनी स्वतःच्या पेटीतलं काढून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मी त्यांना दुसऱ्या दिवशी गरम थालीपीठ नेऊन दिलं.

5. वीज आणि पाणी

इथे 230 व्होल्टची वीज आहे आणि निळा, तीन पिनांचा, 16 अँपिअरचा प्लग चालतो. अमेरिकेहून आलेल्या बोटींची उपकरणं 110 व्होल्टची असू शकतात, तेव्हा स्किपरने सांगितल्याशिवाय काही जोडू नका. केबल आधी बोटीत लावायची, मग धक्क्यावरच्या खांबाला. काढताना उलट. म्हणजे पाण्याजवळ हातात जिवंत टोक राहत नाही. केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलमधून जास्त वीज गेली की ती तापते आणि वितळतेही. तिचा झोळ पाण्यात लोंबता कामा नये.

दोन हजार वॉटची किटली एकटी जवळजवळ नऊ अँपिअर खाते. किटली आणि इंडक्शन शेगडी एकदम लावली की खांबावरचा स्विच पडतो. एका खांबावर इतर बोटीही असतील तर त्यांचाही फ्रिज बंद पडू शकतो. बाहेरच्या रांगेत असाल तर वीज मिळेलच असं नाही. मग सौर पॅनलवर भागवायचं.

विजेच्या तारेतून एक न दिसणारी हानीही होते. सगळ्या बोटींच्या अर्थिंगच्या तारा धक्क्यावर जोडल्या जातात आणि वेगवेगळ्या धातूंमधून पाण्यात बारीक प्रवाह वाहू लागतो. त्याने बोटीचे धातू वाचावेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे तुकडे झिजतात. बोटीवर हा प्रवाह अडवणारं उपकरण (गॅल्व्हॅनिक आयसोलेटर) नसेल तर बॅटरी भरली की केबल काढून ठेवा.

पाण्याच्या नळीतून पहिली दोन मिनिटं पाणी सोडून द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी टाकीत घालायचं नसतं. नळीचं तोंड समुद्राच्या पाण्यात पडू देऊ नका. आणि नळ बोटीच्या प्लंबिंगला कायमचा जोडून गावात जाऊ नका. आत एखादा जोड सुटला तर धक्क्यावरचा नळ बोट भरत राहतो. धक्क्याला बांधलेल्या बोटी अशाच बुडल्या आहेत.

6. संडास, गॅस, कचरा

मरीनात बोटीचा संडास समुद्रात सोडायचा नाही. किनाऱ्यावरची स्वच्छतागृहं वापरा, रात्री लागलंच तर मैल्याची टाकी समुद्राकडून बंद ठेवून बोटीवरचा वापरा. गॅसचा कॉक प्रत्येक स्वयंपाकानंतर बाटलीपाशीच बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. कॅरिबियनमधल्या बाटल्यांचे जोड युरोपातल्या बाटल्यांना बसत नाहीत, तेव्हा गॅस संपायच्या आधीच स्किपरला विचारा. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, त्यांच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी असतात. सामान धक्क्यावरच पिशव्यांत काढा आणि खोकी तिथेच टाका. केळी धुऊन आत आणा.

7. मीठ धुवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात फळ देणारं आहे. कपड्यात, उशीत, दोरांत, जॅकेटच्या चेनमध्ये मीठ बसलेलं असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून खारट कपडा वाळला असं वाटलं तरी रात्री पुन्हा दमट होतो. अझोर्सची हवाही दमट. दोन दिवसांत गाद्यांखाली बुरशी येते.

पहिल्या उन्हाच्या दिवशी सगळ्या गाद्या बाहेर काढा आणि कपाटांची दारं उघडी ठेवा. जॅकेट गोड्या पाण्यात बुडवून काढा, चेनवर साबण नको. कपडे मरीनाच्या लाँड्रीत टाका, पण सुरुवातीच्या दिवसांत तिथे रांग असते, सकाळी लवकर जा. लाइफजॅकेट धुताना आतली वायूची नळी घट्ट बसली आहे का ते फिरवून पाहा. ती लाटांच्या हिसक्यांनी सैल होते, आणि सैल नळीचं जॅकेट फुगत नाही.

8. बाजार आणि स्वयंपाक

बाजारात तुमची मराठी कामाला येईल. पोर्तुगीज गोवा-वसईत आले तेव्हा त्यांनी दिलेले शब्द आपण रोज बोलतो. पावाला इथे ‘पाँव’सारखा उच्चार आहे, बटाटा ‘बताता’, कोबी ‘कोव’, अननस ‘अनानाश’, आणि चावी ‘शाव’. मरीनाच्या फाटकाची चावी मागताना मी पहिल्यांदा हा शब्द वापरला तेव्हा कचेरीतल्या बाई हसून बोलू लागल्या. आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, पुरुषाने ‘ओब्रिगादु’.

भारतीय किराणा मिळेल या भरवशावर येऊ नका. हळद, गोडा मसाला, हिंग, भाजणी आधीच बरोबर घ्या. भाजणी बोटीसाठी उत्तम. महिना-दीड महिना टिकते, आणि कांदा-मीठ घातलं की दहा मिनिटांत जेवण होतं. इथे छोले, मसूर, तांदूळ, कोथिंबीर सहज मिळतात. कोथिंबीर पोर्तुगीज स्वयंपाकात भरपूर वापरतात. बरणीत मिळणारी ‘पिमेंता मोइदा’ जरूर घ्या. लाल मिरची वाटून मिठात मुरवलेली असते. आपल्या ठेच्याइतकी झणझणीत नाही, पण वरणात, माशाच्या कालवणात छान लागते. मीठ मात्र नंतर चाखून घाला. शेजारच्या साँउ जॉर्ज बेटाचं चीज प्रसिद्ध आहे. ते मोठा तुकडा घेतला तर पुढच्या टप्प्यातही टिकतं. अझोर्स गायीगुरांचा प्रदेश आहे, दूध चांगलं मिळतं. मी मुक्कामात दही लावते आणि ताक करते, समुद्रात ते जमत नाही.

पुढच्या टप्प्याची खरेदी शेवटच्या दिवशी ठेवू नका. कोबी, बटाटे, कांदे, लिंबं आधी घ्या, पालेभाजी आणि पाव निघण्याच्या सकाळी. फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली अंडी शोधा, ती बोटीवर जास्त टिकतात.

9. दुरुस्तीची वही

समुद्रात असतानाच एक वही करा. काय सैल झालं, काय गळतं, कोणत्या शिडाची शिवण उसवली, ते दिसेल तेव्हा लिहा. धक्क्याला लागल्यावर डोकं बधिर असतं, आठवत नाही. हॉर्टात शिडं शिवणारे, रिगिंग, म्हणजे डोलकाठीच्या तारा-दोर, पाहणारे, बोटीचं सामान विकणारे आहेत, पण मे-जूनमध्ये त्यांच्याकडे रांग असते. वही पहिल्याच दिवशी स्किपरला द्या.

डोलकाठीवर चढायची वेळ आली तर दोन दोर लागतात, एक ओढणारा आणि एक सांभाळणारा. खाली विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चाकावर, जो उभा असेल त्याने त्या वेळात कोणाशीही बोलायचं नाही. हा नियम मी शेजाऱ्यांनाही सांगून ठेवते, कारण गप्पा मारायला तेच येतात. वर गेल्यावर पिना जागेवर आहेत का, दोर कुठे घासला आहे का, याचे फोटो काढा. खाली येऊन मोठे करून पाहता येतात.

10. भिंतीवरचं चित्र

हॉर्टाच्या धक्क्यावर, भिंतींवर, चालायच्या वाटेवर बोटींची चित्रं आहेत. नाव, साल, खलाशांची नावं, कधी नुसती लाट. चित्र न काढता जाणाऱ्या बोटीवर संकट येतं, असा इथला समज आहे. त्यावर विश्वास असो वा नसो, चित्र काढा. महिनाभर एकत्र काढलेली माणसं अर्धा दिवस मांडी घालून बसतात, तो वेळ मोलाचा असतो.

दुसऱ्याचं चांगलं चित्र झाकू नका. पुसट झालेली, सोललेली जागा शोधा. तारेच्या ब्रशने घासा, पांढरा थर द्या, एक रात्र सुकू द्या, मग चिकटपट्टीने कडा आखून रंगवा. बाहेरच्या भिंतीचा रंग, दोन ब्रश, चिकटपट्टी आणि वर द्यायला पारदर्शक वॉर्निश, एवढं पुरतं. इथे पाऊस न सांगता येतो, सकाळी सुरू करा. आम्ही बोटीचं नाव रोमनमध्ये लिहिलं आणि खाली देवनागरीतही. जाणारे-येणारे थांबून ती अक्षरं कोणती ते विचारत होते.

जवळच पीटर काफे स्पोर्ट आहे, 1918 पासूनचं. बोटीवाले तिथे एकमेकांसाठी निरोप ठेवत आले आहेत, आणि वरच्या मजल्यावर व्हेलच्या दातांवरच्या कोरीवकामाचं संग्रहालय आहे. पुढच्या टप्प्यासाठी बोट शोधायची असेल तर तिथल्या फलकावर चिठ्ठी लावा. एक दिवस बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योसलाही जा. 1957–58 च्या उद्रेकात समुद्रातून वर आलेली राखाडी जमीन आणि राखेत अर्धं गाडलेलं दीपगृह तिथे आहे.

11. रात्र

पहिल्या रात्री जमीन हलल्यासारखी वाटते. आंघोळीला डोळे मिटून उभं राहू नका, भिंत धरा. दोन-तीन दिवसांत जातं.

झोपण्याआधी शिडं चढवायचे दोर डोलकाठीपासून दूर ताणून बांधा. नाहीतर ते वाऱ्याने रात्रभर काठीवर टकटक आपटतात आणि अर्ध्या मरीनाची झोप जाते. अंधारात एखादं तान्हं बाळ विचित्र आवाजात रडतंय असं वाटलं तर घाबरू नका. ते ‘कागारू’ नावाचे समुद्रपक्षी, उन्हाळ्यात रात्री घरट्याकडे येतात.

गावातून जेवून, थोडी घेऊन परतताना एकट्याने बोटीवर चढू नका. समुद्रात पट्टा लावून चालणारी माणसं इथे निर्धास्त असतात, आणि बोट व धक्का यांच्यामधल्या फटीत पडतात. भिंत उंच आणि निसरडी असते, थंड पाण्यातून वर येता येत नाही. आपल्या जागेजवळची शिडी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दिवसाउजेडी बघून ठेवा. भरती-ओहोटीचा फरक इथे जास्तीत जास्त दीड मीटरच्या आसपास असतो, मुंबईच्या तुलनेत थोडा. तरी भिंतीला लागून असाल तर दुपारी सोपी वाटलेली पायरी रात्री खोल गेलेली असते.

घरी फोन करायचा तर सकाळी करा. उन्हाळ्यात भारत इथून साडेपाच तास पुढे असतो. तुमचे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात दुपारचा दीड. रात्री जेवून निवांत फोन लावलात तर आई-बाबा मध्यरात्री दचकून उठतात, आणि बोटीवरच्या माणसाचा अवेळी आलेला फोन त्यांना नको असतो.

12. निघताना

तुम्ही इथेच उतरणार असाल तर स्किपरला खलाशांच्या यादीतून तुमचं नाव कमी करून घ्यायला सांगा. ते न करता विमान पकडू नका. ढगांमुळे इथली उड्डाणं रद्द होतात, तेव्हा लिस्बनहून पुढचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका.

पुढे जाणार असाल तर लिस्बन साधारण 900 सागरी मैल, फाल्मथ 1,200 च्या पुढे. ब्रिटनला जाताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद लागते, ती निघण्याच्या दिवशी करून घ्यायची. मरीनाचं भाडं भरा, चावी परत करा, वीज काढा, टाकी भरा.

रांगेत मधे असाल तर आदल्या संध्याकाळी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही शेजाऱ्यांना वेळ सांगा. बाहेरच्या बोटींचे धक्क्यावरचे दोर तुमच्या पुढून-मागून गेलेले असतात. ज्या बाजूने तुम्ही निघणार त्या बाजूचे दोर आधी सोडायचे, आणि तुम्ही सरकताच बाहेरच्या बोटीने तेच दोर तुमच्या मागून पुन्हा धक्क्यावर नेऊन स्वतःला आत ओढून घ्यायचं. त्यासाठी प्रत्येक बोटीवर एक तरी जागं माणूस हवं, म्हणून वेळ पहाटेची ठरवू नका. बंदराबाहेर पडल्यावर फेंडर आत घ्या, दोर गुंडाळा आणि मोजा. एखादा शेजाऱ्याच्या क्लीटवर राहून जातो. तो बंदराच्या तोंडाशी असतानाच लक्षात आला तर मागे फिरता येतं.